पितळी चासी, पियानो वायर आणि एका डब्याचं झाकण

तिरकी_मोटर (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात तळघर आवरताना बुटांचं एक खोकं हाती लागलं. वर माझ्याच पोरकट अक्षरात 'हात लावू नये'. मराठीत लिहिलेलं, म्हणजे इशारा फक्त धाकट्या बहिणीला होता. अमेरिकेतल्या त्या गावात मराठी वाचणारं दुसरं होतंच कोण? आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या स्लॉट कारच्या तीन चासी (गाडीचे खालचे सांगाडे), दोन मोटरी, एक तडकलेली पारदर्शक बॉडी आणि डांबरासारखा काळा चिकट ऐवज. तो ऐवज म्हणजे स्पंजची टायरं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्लॉट कार म्हणजे रिमोटची गाडी नव्हे. लाकडी ट्रॅकमध्ये आठ खाचा कोरलेल्या असतात, प्रत्येक खाचेच्या दोन्ही अंगांना तांब्याची विणलेली पट्टी आणि तिच्यात १२ व्होल्ट. गाडीच्या नाकाखालचं पातं खाचेत बसतं, पात्याच्या दोन बाजूंच्या तांब्याच्या शेपट्या पट्टीवर घासत वीज उचलतात. तुमच्या हातात फक्त वेग. सुकाणू नाही, ब्रेक म्हणजे बोट सोडणं. वळणावर बोट उशिरा सोडलं की गाडी खाचेतून उडून थेट समोरच्या भिंतीवर.

१९६०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत याचं प्रचंड वेड होतं. गावोगाव भाड्यानं ट्रॅक देणारी दुकानं निघाली. कॉक्स, रेव्हेल, मोनोग्राम, स्ट्रॉम्बेकर, रसकिट अशी नावं आम्हा पोरांच्या तोंडी असायची. मोटरी बहुतेक जपानच्या माबुचीच्या. मोठ्या ट्रॅकांत 'ब्लू किंग' म्हणजे देऊळच: आठ लेन, एक फेरी १५५ फूट.

आम्ही १९६७ला पुण्याच्या शनिवार पेठेतून ओहायोत आलो, क्लीव्हलंडजवळच्या एका गावात. मी बारा वर्षांचा. वडील वर्षभर आधी आले होते, खिशात त्या काळी मिळायचे तेवढे आठ डॉलर घेऊन. दुकानातली कॉक्सची तयार गाडी त्याहून महाग होती, त्यामुळे ती मागायची सोय नव्हती. पण ट्रॅकवरची मोठी पोरं तयार गाड्या वापरतच नव्हती. ती पितळेच्या नळ्या आणि पियानो वायर, म्हणजे कडक पोलादी तार, आणून चासी घरीच झाळायची, आणि दुकानातल्या गाड्यांना सहज मागं टाकायची. हे बघून मला जे वाटलं ते सांगत नाही, समजून घ्या. म्हटलं, हे तर आपल्याला परवडेल.

खोक्यातली पहिली चासी त्या पहिल्या हिवाळ्यातली. मोटर लांबीच्या दिशेनं बसवलेली, मागं क्राउन गिअर, म्हणजे मोटरीची फिरकी काटकोनात वळवून आसाला देणारं दात्यांचं चाक. बांधून झाली, ट्रॅकवर नेली, दोन-तीन महिने मिरवलो. आणि १९६८मध्ये ती तिरकी मोटर आली. अँगलवाइंडर म्हणायचे तिला. मोटर लांबीत नाही, आडवीही नाही, मागच्या आसाशी कोन करून बसवलेली. पूर्ण आडवी बसवायची तर दोन चाकांमध्ये जागा पुरत नाही. तिरकी केली की बसते, वजन मागच्या आसाजवळ जातं आणि क्राउनऐवजी साधे दाते चालतात. एका हंगामात सगळ्यांच्या सरळ मोटरी भंगार झाल्या. माझी तर नवीकोरी होती.

दुसरी चासी ही त्या वेळची माझी अँगलवाइंडर. मला खरी उभी करायची आहे ती हीच. तिसरी अर्धवट आहे, तिचं नंतर बघू.

आता दुखणं सांगतो. मी तेव्हा झाळायला ॲसिड फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) वापरला आणि नंतर तो धुवायचा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (बहुधा सांगितलं होतं.) सांध्यांभोवती हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखं झालंय, पियानो वायर गंजलीय, बाजूच्या दोन पट्ट्या, ज्यांना पॅन म्हणतात, त्या बिजागरीत अडकल्यात. पितळ काळंकुट्ट. काच पुसायच्या अमोनियावाल्या द्रावात रात्रभर बुडवून ठेवावं का, हा पहिला प्रश्न. आणि दुसरा, जो जास्त छळतोय: माझे सांधे भयंकर आहेत. सोल्डर पसरलेलंच नाही, नुसते गोळे बसलेत. ते सगळे उकलून आज नीट झाळावेत, की तेरा वर्षांच्या पोराचं काम म्हणून तसेच ठेवावेत?

---

पॉपकॉर्न

खूण साठवली. फोटो टाका की काका!

---

नवाकोरा

भारी! पण एक बाळबोध शंका. हल्ली हे चासी लेझरनं पत्रा कापून मिळत असतील ना? मग नळ्या झाळत बसण्यात काय अर्थ? मापं घेऊन थ्रीडी प्रिंट पण मारता येईल. दिवा घ्या (म्हणजे हलकंच घ्या).

---

तिरकी_मोटर

नवाकोरा, घेतला दिवा. मिळतात की, आणि त्या माझ्या चासीला पहिल्या वळणावर धूळ चारतील. प्रिंट मात्र चालणार नाही. मोटर तापते, शिवाय चासीला स्प्रिंगसारखं वागावं लागतं. पियानो वायर त्यासाठीच: वाकते आणि पुन्हा जागेवर येते. पितळ वजन देतं, पोलादी तार लवचीकपणा देते. पॅन बिजागरीवर मोकळे ठेवतात ते याच कारणानं, खालचं वजन थोडं स्वतंत्र हललं की वळणावर मागची चाकं थरथरत नाहीत. त्या काळातल्या पोरांनी हे कुठल्या पुस्तकात वाचून केलं नव्हतं. एकानं केलं, तो जिंकला, पुढच्या शनिवारी दहा जणांनी केलं.

नळ्यांचंही गंमतशीर आहे. हॉबीच्या दुकानात पितळी नळ्या एक बत्तिसांश इंचाच्या पायऱ्यांनी मिळतात, भिंत १४ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). म्हणजे एका नळीत तिच्याहून एक पायरी लहान नळी अलगद सरकते. बिजागरी, आसाचं घर, सगळं यातूनच. ज्याला कुणाला ही मापं सुचली त्याच्या पाया पडावंसं वाटतं.

---

ओसरी

तिरकी_मोटर, म्हणजे आपले तिमो, अमोनिया कशाला? आमच्याकडे देवाची उपकरणी चिंचेनं घासतात, नाहीतर पितांबरी आहेच. चिंचेच्या कोळात दोन तास ठेवा, लखलखीत होतील. तिकडं देशी दुकानात चिंच मिळत असेलच.

---

धातुवेडा

थांबा, थांबा. धातुशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून जरा मोठं लिहितो.

अमोनिया अजिबात नको. पितळात ताण असेल, आणि ओढून काढलेल्या नळीत तो असतोच, तर अमोनियानं पितळ तडकतं. झिजत नाही, तडकतं, एकदम भेग पडते. या रोगाला 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात आणि यातला सीझन म्हणजे आपला पावसाळा बरं का. ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप चिरायची. ती ठेवलेली असायची घोड्यांच्या पागेजवळ. दमट हवा, घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि काडतूस ओढून बनवताना त्यात राहिलेला ताण, असे तीन योग जुळून यायचे. कारण नक्की उलगडलं १९२१ साली. तेव्हा तुमची नळी म्हणजे बारीक काडतूसच समजा. तिला रात्रभर पागेत ठेवू नका.

ओसरीताई, चिंचेबद्दल अर्धा मोदक. दोन मिनिटं ठीक, दोन तास नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पदार्थात जास्त वेळ राहिलं की वर तांब्याची गुलाबी झाक येते. तांब्या पुन्हा घासला की ती जाते, पण गाडीच्या सांध्यात घासणी शिरत नाही.

पियानो वायरचा गंज काढायला व्हिनेगरमध्ये बुडवू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. ॲसिड गंज खाताना हायड्रोजन सुटतो, तो अशा कडक पोलादात शिरतो आणि तार ठिसूळ होते. दिसायला चकचकीत, पहिल्या धक्क्याला कट्कन. तेल आणि बारीक स्टील वूल, बस्स.

हिरव्या बुरशीला खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशनं लावा. ॲसिड मरतं. मग गरम पाणी, मग हेअर ड्रायर.

---

मिरजकर_तार

धातुवेडा सरांना पूर्ण मोदक. आमच्या गल्लीत सतारी-तंबोरे होतात, तिथली तार तुमच्या मानानं केसासारखी, पण जात तीच. आमच्याकडं म्हातारे कारागीर सांगायचे, तार एकदा वाकवायची, चुकली तर टाकायची. सरळ करून पुन्हा त्याच जागी वाकवली की ती तुटणार म्हणजे तुटणारच. तुमची एखादी वायर वाकडी झाली असली तर सरळ करायच्या भानगडीत पडू नका, नवी घाला.

---

लंडनचा_पाऊस

अवांतर आहे, पण राहवत नाही. आमच्याकडे इंग्लंडात याच खेळाचं घरगुती रूप म्हणजे स्केलेक्स्ट्रिक. फ्रेड फ्रान्सिस नावाच्या गृहस्थांनी १९५७मध्ये हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात मांडलं. आधी त्यांच्या किल्लीच्या पत्र्याच्या गाड्या होत्या, नाव स्केलेक्स. त्याला इलेक्ट्रिक जोडून हे नाव. गाड्या एकास बत्तीस, तिमोंच्या एकास चोवीसपेक्षा लहान. मुलासाठी म्हणून घेतलेला सेट माझ्याच पलंगाखाली आहे. मुलगा पस्तिशीचा झाला.

माझा अनुभव म्हणून सांगतो, जुनी मोटर थेट १२ व्होल्टवर लावू नका. तीन व्होल्टवर दहा मिनिटं मोकळी फिरवा, आधी बेअरिंगमध्ये तेलाचा थेंब. मी घाई केली आणि निळा धूर बघितला.

---

तिरकी_मोटर

धातुवेडा, तुम्ही वाचवलंत. बाटली हातात होती. पागेचा किस्सा बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली तळघरात तसाच वास येतो.

काल सोडा, ब्रश आणि गरम पाणी एवढंच केलं. डावा पॅन सुटला. उजव्याच्या बिजागरीत तेल सोडून ठेवलंय. टायरं गेली ती गेलीच, रिमवरून खरवडून काढावी लागली. पहिल्या गाडीची रिमं मॅग्नेशियमची होती, त्यांचं पांढरं पीठ झालंय; दुसरीची ॲल्युमिनियमची, ती ठणठणीत.

आता खरी गोष्ट.

पॅनसाठी साधारण ३२ थाउ जाडीचा पितळी पत्रा लागायचा. दुकानात मिळायचा, पण त्या आठवड्यात माझ्याकडे पैसे नव्हते आणि शनिवारी शर्यत होती. घरात त्याच जाडीचा पत्रा एकच होता. आईनं पुण्याहून आणलेल्या पितळी डब्याचं झाकण. वीस किलोच्या सामानात ती बाई पितळी डबा घेऊन आली होती! सपाट झाकण, कडेला दुमड. मी पत्रा कापायच्या कात्रीनं दुमड कापून टाकली आणि मधल्या भागाच्या दोन पट्ट्या केल्या. आईनं दोन-चार दिवस झाकण शोधलं, मग त्या डब्यावर बशी ठेवायला लागली. मी काही बोललो नाही. आजतागायत.

काल उजव्या पॅनवरचा तेला-टायरच्या भुकटीचा थर ब्रशनं निघाला आणि खाली ठिपके दिसले. ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं. भांड्यावर नाव घालतात तसं.

मामांकडून १२-५-५१

मी तिथंच खुर्ची ओढून बसलो.

मजकूर दोन ओळींचा असणार. खालची ओळ उजव्या पॅनवर आली. तिच्यावरचं वजनासाठीचं शिसं फक्त चिकटवलेलं होतं, ते केव्हाच निखळलं. वरची ओळ, म्हणजे 'चि. सौ. कां. अमुक हिस', डाव्या पॅनवर. आणि डाव्यावर शिशाची पट्टी मी चांगली झाळून बसवली आहे. माझ्या आयुष्यातला तो बहुधा एकमेव नीट झालेला सांधा.

---

ओसरी

अरे देवा. अंगावर काटा आला. आईंच्या लग्नातला आहेर कापलात हो!

---

पॉपकॉर्न

आता खरंच पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

मिरजकर_तार

ती अक्षरं आता घासू नका. नाव घालणारा छिन्नीनं टिंब उठवतो, खोली काहीच नसते. आमच्या आजीच्या तांब्यावरचं नाव रोजच्या राखेनं इतकं गेलंय की उन्हात तिरकं धरलं तरच दिसतं. पितांबरीबिरी विसरा, काळं तर काळं राहू दे.

---

शंकासुर

सर्वांच्या भावनांचा आदर राखून एक रुक्ष प्रश्न. तिमो, तुमच्या आईचं लग्न कधी झालं?

---

तिरकी_मोटर

शंकासुर, १९५३. फेब्रुवारी.

हं. खरंच की.

---

शंकासुर

मग मामांनी पावणेदोन वर्षं आधी आहेर कसा केला? साखरपुडा इतका लांबला असेल तर गोष्ट वेगळी.

---

ओसरी

मौंज असेल कुणाची, वाढदिवस असेल. नाहीतर मामांनी कुणा दुसऱ्या भाचीचा डबा असेल तो पुढं सरकवला! आमच्याकडं आहेराची भांडी अशी फिरतात की मूळ गाव विचारू नये.

---

नवाकोरा

काका, शिसं काढा!!! आत्ताच्या आत्ता!!!

---

धातुवेडा

मी शिक्षक माणूस, म्हणून दोन्ही बाजू मांडतो. तो सांधा काढला की तो गेला. परत झाळाल तो आजचा असेल. तिमोंचा मूळ प्रश्न हाच होता ना, की जुनं काम ठेवायचं की सुधारायचं? सगळ्या गोळ्या-गोळ्यांच्या सांध्यांतून जो एक चांगला निघाला, नेमका तोच तोडायला निघालोय आपण.

---

लंडनचा_पाऊस

माझं मत उलट. संग्राहक लोक म्हणतात मूळ सोल्डर ठेवा, कारण त्यांना गाडी विकायची असते. तिमोंना काही विकायचं नाही. गाडी त्यांची, सांधा त्यांचा, झाकण... बरं, झाकणाचं बघू.

---

मिरजकर_तार

आईंना विचारलंत का? (आहेत ना?)

---

तिरकी_मोटर

आहेत. ब्याण्णव वर्षांच्या, न्यू जर्सीत बहिणीकडे. ऐकू कमी येतं, बाकी सगळं आपल्यापेक्षा शाबूत. पण विचारायचं म्हणजे आधी कबूल करायचं. सत्तावन्न वर्षं गेली त्याला. शनिवारी धीर करतो.

---

पॉपकॉर्न

सत्तर वर्षांचा माणूस आईला घाबरतोय. भारी वाटलं वाचून.

---

तिरकी_मोटर

आधी शिसं काढलं, मग फोन केला. क्रमानं सांगतो.

अडचण अशी की शिशाच्या पट्टीपासून बिजागरीची नळी अर्ध्या इंचावर. दोन्हीकडं तेच सोल्डर, अर्धं कथील-अर्धं शिसं या जातीचं, १८३ अंशांना वितळायला लागणारं. एक तापवलं की दुसरं सुटणार. म्हणून नळीभोवती ओल्या कापसाची चिंधी गुंडाळली आणि मध्ये बायकोच्या केसांच्या दोन ॲल्युमिनियमच्या क्लिपा लावल्या. त्या उष्णता पिऊन घेतात आणि त्यांना सोल्डर चिकटत नाही. ८० वॉटची सोल्डरिंगची इस्त्री, रुंद टोकाची. बारकं टोक घेतलं की पितळ सगळी उष्णता खातं आणि आपण तिथं मिनिटभर धरून बसतो, तोवर सगळी गाडी तापते. मोठं टोक, थोडा वेळ. हे मला तेराव्या वर्षी कळलं असतं तर गोळे झाले नसते.

पहिल्या खेपेला फसलो. शिसं हललं, पण क्लिप निसटली आणि बिजागरीची नळी एका बाजूनं सुटून पॅन कुत्र्याच्या जिभेसारखा लोंबायला लागला. हात पुसले, चहा करून आलो. दुसऱ्या खेपेला पट्टी अख्खी निघाली. वजन केलं, साडेअकरा ग्रॅम. पॅनवर सोल्डरचा पातळ चंदेरी थर राहिला, तो तापवून तांब्याच्या विणलेल्या फितीनं टिपून घेतला. टिंबांच्या आत मात्र सोल्डर तसंच राहिलं. त्यामुळे झालं काय, की काळ्या पितळावर अक्षरं चांदीची. मुद्दाम केलं असतं तर जमलं नसतं.

नाव वाचलं. आईचं नाही.

माहेरचं नाही, सासरचं नाही, आमच्या कुळात त्या नावाची कुणी नाही. पण नाव ओळखीचं होतं. आमच्या वाड्यात समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंचं. (इथं देत नाही. त्यांची नातवंडं इथं वाचत असायची.)

---

शंकासुर

मी काही म्हणत नाही. नुसता बसलोय.

---

ओसरी

अग्गोबाई! म्हणजे झाकणं बदलली! हळदीकुंकवाला नाहीतर दिवाळीच्या फराळाच्या देवाणघेवाणीत. आणि नाव घालतात ते याचसाठी ना!

---

नवाकोरा

म्हणजे काकांनी शेजाऱ्यांचं झाकण कापून रेसिंग कार केली. मला हा धागा फार आवडलाय.

---

धातुवेडा

माझा सांध्याबद्दलचा आक्षेप मागे घेतो. सुटलेली बिजागरी झाळताना नळीच्या आतल्या वायरला तेलाचं बोट लावा, नाहीतर सोल्डर आत ओढलं जाऊन पॅन कायमचा आखडेल. आणि शिशाला हात लावल्यावर साबणानं धुवा, चहा नंतर.

फोनचं काय झालं?

---

तिरकी_मोटर

बिजागरी झाली, दोन्ही पॅन खुळखुळतात, जसे खुळखुळायला हवेत तसे. बाकीचे गोळे मी ठेवले. फक्त पातं बसतं तिथला एक सांधा नव्यानं केला, कारण तो बोटानं हलत होता. मोटर तीन व्होल्टवर खोकली, मग फिरली. टायरं मागवलीत.

फोन. बहिणीनं स्पीकरवर लावला. मी आधी कबुली दिली: आई, ओहायोत पहिल्या घरी पितळी डब्याचं झाकण हरवलं होतं ना, ते मी कापलं. गाडीसाठी.

म्हणाली, "माहितीय."

कसं काय? तर दुमडीची कापलेली कड मी कचऱ्यात टाकली होती आणि कचरा ती बाहेर ठेवायची.

मग मी म्हटलं, पण त्यावर तर समोरच्या काकूंचं नाव आहे.

"मला वाचता येत नव्हतं का? इथं आल्यावर सामान उघडलं तेव्हाच बघितलं. घाईत बांधाबांध केली, त्यांचं आमच्यात आलं. पुढल्या खेपेला पुण्याला गेलं की गुपचूप परत द्यायचं म्हणून जपून वापरत होते. तू कापलंस, मग काय करणार? चार दिवस शोधल्यासारखं केलं, तुझ्या बाबांना कळू नये म्हणून."

आणि आपलं झाकण?

"१९७२ला गेलो होतो ना पुण्याला, तेव्हा तिच्याकडं गेले. ओट्यावर तिचा डबा, वर आपलं झाकण. माझं नाव माझ्याकडंच तोंड करून. तिनं मला बघताना बघितलं. मी काही बोलले नाही, ती काही बोलली नाही. त्याच डब्यातला लाडू दिला तिनं मला."

---

ओसरी

शिसं पुन्हा बसवणार का त्या नावावर?

---

तिरकी_मोटर

नाही. साडेअकरा ग्रॅम पॅनच्या खालच्या अंगाला झाळतोय. ट्रॅकपासून अंतर एक सोळांश इंचाहून कमी होईल, घासेल कुठंतरी. घासू दे.